उजव्या हाताला भिंत

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. कारण ही गोष्ट माझी नाही, माझ्या मामाची आहे, आणि मामा असा माणूस की त्याला "कसा आहेस" विचारलं तरी तो गाडीचंच सांगतो. "ब्रेक जरा ओढतोय." पण आज सकाळी चहा पिता पिता तोच म्हणाला, "लिही गं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल," आणि माझं मन परत फिरायच्या आत मी बसलेय. घाईघाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

मामा राजधानीत टूरची बस चालवतो. बाहेरगावचे लोक जिच्यात बसून एका दिवसात अख्खं शहर उरकतात ना, ती बस. राजवाडा, म्युझियम, मोठी बाग, बाजार, आणि दुपारच्या आत युद्धस्मारक. युद्धस्मारक म्हणजे या टूरचा जीवच. लोक बाकी काही विसरतील, पण तिथला फोटो घरी दिवाणखान्यात लागतोच.

गाडी स्मारकाच्या गेटाशी आली की माइकवाली उठून उभी राहते. माइकवाली म्हणजे टूरची गाइड. पुढे, काचेला पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभं राहायचं आणि पाठ केलेलं धडाधडा म्हणायचं. इतक्या वर्षांत माइकवाल्या किती आल्या आणि लग्न करून, कंटाळून, बँकेत लागून निघून गेल्या, पण पाठ तोच राहिला. "समोर ज्योत. ती कधीही विझत नाही. उजव्या हाताला नावांची भिंत. दगड काळा आहे, नावं कोरलेली आहेत, हात लावून बघा, सगळेच लावतात. गाडी बाजूच्या पार्किंगला असेल." मग लोक उतरायचे, तपासणीच्या खोलीत एकेक करून शिरायचे आणि दिसेनासे व्हायचे. मामा गाडी पार्किंगला न्यायचा. पार्किंगभोवती माणसाहून उंच झाडी कापून सारखी केलेली, तिच्यावरून दिसतं फक्त झेंड्याचं टोक.

आणि मामा गाडीतच बसायचा.

नियमच होता तसा, गाडी सोडून जायचं नाही, पोलीस केव्हाही हलवायला सांगतात. पण नियम काय, सगळेच ड्रायव्हर आळीपाळीने मोडायचे. एकाने दोन गाड्या सांभाळायच्या, दुसऱ्याने आत चक्कर मारून यायचं, पाय मोकळे करायचे. मामा मात्र कायम सांभाळणाराच. "तुम्ही या जाऊन, मी आहे." त्यामुळे ड्रायव्हरांत त्याची कॉलर ताठ. देवमाणूस म्हणायचे त्याला. एकाने तर म्हटलंही, "याला बायकोपेक्षा गाडीची काळजी जास्त." मामीच्या कानावर ते गेलं तर ती म्हणाली, "त्यात नवीन ते काय."

देवमाणूस वगैरे काही नव्हतं हो. मामाला आत जायचंच नव्हतं.

आत भिंतीवर बारक्याचं नाव होतं.

बारक्या म्हणजे मामाचा मित्र. एका गल्लीतले, एका बाकावरचे. मामा ताडमाड म्हणून तो लांब्या आणि हा काडीसारखा म्हणून बारक्या. बारक्याला वडील नव्हते. त्याची आई, काकू, शर्टांच्या कारखान्याचं काजं-बटणांचं काम घरी आणायची. खोलीत एका बाजूला बिनबटणांच्या शर्टांचा ढीग, दुसऱ्या बाजूला बटणं लागलेल्यांचा, आणि मधल्या वाटेने ही दोघं ये-जा करणार. शर्टाला पाय लागला की काकू मान वर न करता म्हणायची, "लांब्या, तुझा पाय आहे की होडी?"

त्या पायावरूनच सगळं झालं.

मामाला फौजेत जायचं होतं. बारक्याला नव्हतं जायचं, त्याला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं, हत्यारंसुद्धा जमवायला लागला होता तो. पण भरतीच्या दिवशी मामाला एकटं जायची हिंमत होईना. मग तो बारक्याच्या मागे लागला. "नुसता सोबत चल रे. रांगेत उभा राहा फक्त. तुला काडीला कोण घेतंय. मग दोघं सिनेमाला जाऊ." बारक्या नको नको म्हणत होता. मामाने त्याला दंडाला धरून ओढत नेला. ओढत म्हणजे अक्षरशः.

तिथे डॉक्टरने सगळ्यांना ओल्या पायांनी कोरड्या फरशीवर उभं केलं. बाकीच्यांच्या पायांचे ठसे उमटले ते मधे कमान असलेले, पायासारखे. मामाचा उमटला विटेसारखा, अख्खा. सपाट पाय. डॉक्टर म्हणाला, पुढचा. पुढचा बारक्या होता. तो पास झाला.

आता तो नाही म्हणू शकला असता का? मामा म्हणतो, म्हणू शकला असता. पण सगळे पाठ थोपटत होते, साहेबाने हात मिळवला होता, आणि काडी म्हणून जन्मभर हिणवलेल्या पोराला पहिल्यांदा कुणीतरी मोजमाप घेऊन चांगलं म्हटलं होतं. त्याने सही केली. सिनेमाला कुणी गेलं नाही.

घरी काकूने डोक्याला हात लावला. तिने मामाकडे बघितलं, आणि मामा तोंड उघडणार इतक्यात बारक्याच बोलला, "आई, याला काही बोलू नकोस. हा तर मला अडवत होता. मीच ऐकलं नाही."

मामा गप्प बसला.

बस, एवढंच. मूग गिळून बसला. बारक्या युद्धात गेला तो गेलाच, अंगावरचा कपडासुद्धा परत आला नाही, आणि काकूच्या डोक्यात पक्कं बसलं की माझ्या पोराला थांबवू बघणारा जगात एकच, तो म्हणजे लांब्या. शेजारणी आल्या की ती सांगायची, "याने फार समजावलं हो त्याला." मामा तिथेच बसलेला असायचा, हातात चहाचा कप घेऊन. त्या कपातला घोट गिळताना कसं वाटायचं, ते तो मला सांगायला गेला आणि मग म्हणाला, "जाऊ दे, तू लिही पुढचं."

पुढे मामा राजधानीत आला, टूरच्या गाडीवर लागला, आणि दर महिन्याच्या सुट्टीला काकूकडे जायला लागला. बल्ब बदल, नळाची चकती बसव, औषधं आण, काळ्या दोऱ्याची रिळं आण. काकूच्या घरातली कुठलीही गोष्ट बिघडली की ती म्हणायची, "राहू दे, लांब्या येईल." पोटच्या पोरासारखं केलं त्याने. पण मामा म्हणतो, पोटचं पोर आईकडे हप्ता भरल्यासारखं जात नाही.

स्मारक उभं राहिलं, भिंतीवर नावं आली, तेव्हा काकू म्हणाली होती, "मला नाही बघायचा दगड. तू रोज जातोस ना तिथे?"

मामा म्हणाला, "हो."

गाडी जात होतीच की. खोटं नव्हतं अगदी.

"त्याचं नाव आहे?"

"आहे ना."

"हाताला लागतं?"

माइकवालीचा पाठ मामाच्या कानात होताच. "लागतं. सगळेच लावतात हात."

"मग माझा म्हणून लावत जा."

"लावतो, काकू."

आणि मग दर महिन्याला काकू विचारणार आणि मामा सांगणार. गेटातून आत गेलं की समोर ज्योत, उजव्या हाताला भिंत. दगड गार असतो. पायऱ्यांपाशी लोक फुलं ठेवतात. काल एक म्हातारे गृहस्थ सलाम करून उभेच राहिले होते. हे सगळं त्याला कुठून कळायचं? प्रवाशांकडून. लोक परत येऊन गाडीत बसले की बोलतातच. मामा आरशातून बघत बघत ऐकायचा आणि कानात साठवून काकूकडे नेऊन रिकामं करायचा. काकू सुईत दोरा घालता घालता ऐकायची. तिला एवढ्याने पुरायचं. म्हणून मामालाही पुरायचं.

मग काकूचे डोळे गेले. म्हणजे एकदम नाही गेले, जायला लागले. आयुष्यभर काळ्या कापडावर काळं बटण लावलं, त्याने झालं असं ती म्हणते, पण डॉक्टर म्हणाले की नस सुकत चाललीय, जे गेलं ते परत येणार नाही. गेल्या वर्षी मामा गेला तेव्हा ती म्हणाली, "लांब्या, मला दाखव ते नाव. दिसतंय तोवर एकदा वाचते."

मामा म्हणाला, "नेतो की."

आणि त्याने नेलं नाही. आधी सीझन होता. मग गाडी गॅरेजला गेली. मग ऊन फार होतं, काकूला सोसणार नाही. मग काकूला खोकला होता. मामी वैतागून म्हणाली, "अहो, त्या बाईला एकदा आणा घरी, मी ठेवते चार दिवस. कसलं भिजत घोंगडं घालून ठेवलंय?" मामा म्हणाला, "बघू." मामीला तरी कुठे माहीत होतं की हा गेटाच्या आत कधी गेलेलाच नाही. मी त्यांच्याकडे राहून कॉलेज करते, मला वाटायचं मामाला रजा मिळत नाही.

एका सकाळी मामाने गाडी सुरू केली, नेहमीसारखा वरचा आरसा बोटाने जरासा खाली केला, आणि आरशात काकू.

पहिल्याच सीटवर. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, अंगावर ठेवणीतली साडी. मामाला वाटलं आपल्याला भास झाला. त्याने मागे वळून बघितलं.

"काकू? तुम्ही?"

"तिकीट काढलंय हो मी," काकू म्हणाली. "फुकट नाही बसले."

"अहो पण आलात कशा?"

"शेजारणीने बसमध्ये बसवलं, कंडक्टरने टॅक्सीत बसवलं, टॅक्सीवाल्याने इथे आणून सोडलं. आंधळ्या बाईला सगळे रस्ता दाखवतात रे. एक तुलाच वेळ नाही."

मागच्या सीटवरचे एक गृहस्थ हसले. माइकवाली, ती माझ्याच वयाची आहे, तिने विचारलं, "काका, तुमच्या आई का?" आणि मामाच्या आधी काकूच म्हणाली, "तसंच समज." मामा पुढे वळला. त्याने गिअर टाकला तो दुसराच पडला, गाडीने असा आचका दिला की सगळे पुढे झुकले.

राजवाडा झाला, म्युझियम झालं. काकू कुठेच उतरली नाही. "मला तिथलंच बघायचंय." प्रत्येक सिग्नलला मामा मनाशी ठरवत होता की आता सांगतो, आणि प्रत्येक सिग्नल हिरवा होत होता. तो स्वतःशी हिशेब करत होता की फार काही अवघड नाही. सगळं आपल्याला पाठ आहे. उजवीकडे वळायचं, भिंत येईल, नाव शोधायचं, सापडलं की तिचा हात धरून ठेवायचा त्यावर. तिला कळणारसुद्धा नाही की आपण पहिल्यांदा आलो.

गेटाशी माइकवाली उठली, काचेला पाठ करून उभी राहिली, पाठ म्हणाली. काकू ऐकता ऐकता मान डोलावत होती. तिलाही तो पाठ झालेला होता ना, मामाच्या तोंडून.

बाकीचे उतरले, काकू आणि माइकवाली गाडीतच पार्किंगपर्यंत आल्या. तिथे मामा म्हणाला, "मला गाडी सोडता येत नाही, काकू. या पोरीबरोबर जा तुम्ही." शेवटची धडपड ती. पण माइकवाली म्हणाली, "काका, आज तुम्ही जा. मी बसते गाडीत."

"पोलीस आला तर?"

"रडेन मी. मला लगेच रडता येतं."

मग काय राहिलं?

तपासणीच्या खोलीतून बाहेर पडल्यावर काकूने मामाच्या कोपराला धरलं. समोर ज्योत होती, ती खरंच होती, आणि तिथे दोन शिपाई पुतळ्यासारखे उभे होते. मामाने डोळे फिरवले आणि खाली घातले. काकू म्हणाली, "आता चल. तुझी रोजचीच वाट." मामा उजवीकडे वळला. काकू म्हणाली, "हां, उजव्या हाताला." छान चालत होती ती, त्याच्याहून भरभर, जणू तीच त्याला नेत होती. फरसबंदी वाट, बाजूला कापलेलं गवत. वाट वळली. मामाला समोर एक लांब इमारत दिसली, तिच्याबाहेर बायकांची रांग, एक पोर आईचा हात ओढून उड्या मारतंय.

काकू थांबली. तिने हवेत नाक उचललं.

"लांब्या, हे फिनेल कसलं रे?"

मामा बघतच राहिला. दारावर बाईचं चित्र होतं, दुसऱ्या दारावर पुरुषाचं.

"आपण संडासापाशी आलोय का?" काकूने विचारलं.

तिथला सफाईवाला बादली घेऊन चालला होता. मामाने त्याला हळू आवाजात विचारलं, "भिंत कुठेय, नावांची?" तो म्हणाला, "डावीकडे हो. गेटातून डावीकडे. सगळे बरोबर जातात, तुम्हीच कसे इकडे आलात?"

आता तुमच्या लक्षात आलं का? माइकवाली लोकांकडे तोंड करून उभी राहायची. तिचा उजवा हात म्हणजे लोकांचा डावा. ती म्हणता म्हणता हाताने दाखवायची, म्हणून लोक कधी चुकायचे नाहीत. पण मामा रस्त्याकडे बघत असायचा. त्याने इतकी वर्षं फक्त ऐकलं, तिचा हात कधी बघितला नाही. आणि जे ऐकलं तेच काकूला सांगत आला, उजव्या हाताला, उजव्या हाताला.

बाजूला एक बाक होता. मामाने काकूला बसवलं. स्वतः उभाच राहिला.

"काकू, मी कधी आत आलोच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आजच आलो. पहिल्यांदा. ते सगळं मी लोकांकडून ऐकून सांगायचो."

 उड्या मारणारं पोर आत गेलं आणि हसत बाहेर आलं. मग काकू म्हणाली, "हात लावायचास म्हणालास."

"नाही लावला."

"एकदाही?"

"नाही."

"का पण?"

आणि मामा सांगायला लागला. एकदा तोंड उघडलं तर मग थांबेना. दंडाला धरून ओढत नेलं ते, सिनेमा, ओली फरशी, सही. "तो खोटं बोलला, काकू. मी अडवलं नव्हतं. मीच घेऊन गेलो. त्याला रेडिओचं दुकान काढायचं होतं." रांगेतल्या बायका बघत होत्या. एवढा उंच माणूस संडासाबाहेर उभा राहून एका म्हातारीपुढे लहान पोरासारखा बोलतोय.

मामाला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर एक ठेवून देईल. ठेवून दिली असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणतो. काकूने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्यायली, झाकण नीट फिरवून लावलं.

"आधी भिंत दाखव," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी आलेय मी."

उठताना तिने त्याचं कोपर धरलं नाही. बाकाच्या पाठीला धरून उठली. मग चार पावलांवर वाट उंचसखल झाली तेव्हा नाइलाजाने धरलं, नुसतं दोन बोटांनी, शर्टाची बाही.

भिंत लांबच लांब होती. वर्षांप्रमाणे नावं होती, आणि खालच्या ओळींपाशी सगळे वाकून, बसून, पोरांना उचलून हात लावत होते, फोटो काढत होते. मामा शोधत गेला. बारक्याचं पूर्ण नाव वाचायची सवयच नव्हती त्याला, शाळेतल्या हजेरीनंतर ते नाव त्याने कुठे बघितलं नव्हतं. सापडलं तेव्हा पहिल्यांदा तो ओलांडूनच गेला पुढे. मग परत आला.

वर होतं. खूप वर. काकू तर सोडाच, साधारण माणसाचाही हात पोचणार नाही इतकं.

"सापडलं?"

"सापडलं. पण वर आहे, काकू. हाताला नाही लागत."

काकूने मान वर केली, डोळे बारीक केले. "रेघा दिसतायत नुसत्या." बराच वेळ तशीच बघत राहिली. मग विचारलं, "गेल्या वर्षी आणलं असतंस तर वाचता आलं असतं का रे मला?"

मामा 'नाही' म्हणू शकला असता. अक्षरं बारीक आहेत, लांब आहेत, तेव्हाही दिसली नसती. कुणाला कळणार होतं? पण त्या दिवशी तरी त्याच्याने झालं नाही ते.

"हो," तो म्हणाला. "वाचता आलं असतं."

काकूने मान हलवली. मग म्हणाली, "तू लांब्या ना? मग तू लाव हात. इतकी वर्षं लावतोस म्हणालास. आता लाव. मी उभी आहे इथे."

मामा भिंतीला चिकटून उभा राहिला आणि हात वर केला. बोटं खाली पडत होती जराशी. टाचा उचलाव्या लागल्या, आणि सपाट पायांवर टाचा उचलून उभं राहणं म्हणजे काय ते सपाट पायवाल्यांनाच माहीत, पोटऱ्या थरथरायला लागल्या त्याच्या. मागून काकूने त्याचा शर्ट मुठीत धरला, पडू नये म्हणून. बोटं नावाला लागली.

"लागला?"

"लागला."

"कसा आहे दगड?"

"गरम आहे."

"तू तर गार म्हणायचास."

"थंडीच्या दिवसांतले लोक तसं सांगायचे," मामा म्हणाला. "आता ऊन आलंय."

तो किती वेळ तसा उभा होता त्याला सांगता येत नाही. काकूने सोड म्हटलं नाही, म्हणून त्याने हात काढला नाही. शेवटी तीच म्हणाली, "तुझं खालचं बटण सुटत आलंय." आणि शर्ट सोडला.

गाडीपाशी सगळे प्रवासी येऊन बसले होते, कुरकुरत होते. माइकवाली त्यांना माइकवरून कुठल्या तरी राजाची गोष्ट सांगत होती, मामाला नंतर कळलं की ती तिने तिथल्या तिथे रचली होती. दोघांचे चेहरे बघून तिने माइक ठेवला.  संध्याकाळी मामाने काकूला तिच्या गावच्या बसमध्ये बसवलं, खिडकीची जागा दिली, पाण्याची बाटली भरून दिली. बस सुटायच्या वेळी तिने खिडकीतून विचारलं, "मग दर महिन्याला यायचास ते कुणासाठी यायचास?"

उत्तर द्यायला मामाने तोंड उघडलं, पण उत्तर नव्हतंच त्याच्याकडे. बस गेली.

त्यानंतर मामा काकूकडे गेला नाही. पहिला महिना गेला, दुसरा गेला. मामीने विचारलं तर म्हणायचा, काम आहे. मला तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. एवढंच दिसत होतं की तो जेवताना ताटाकडे बघत बसतो, आणि ज्या शर्टाचं बटण लोंबतंय तो शर्ट मामीला शिवायला देत नाही, धुवून तसाच घालतो. दुसऱ्या ड्रायव्हरांना मात्र नवलच वाटायला लागलं, कारण मामा आता रोज आत जात होता. "अरे, आज माझी गाडी सांभाळ." गेटातून डावीकडे जायचा, टाचा उचलायचा, हात लावून यायचा. कबूल केलेलं इतक्या उशिरा करत होता. पण ते ज्या बाईला सांगायचं, तिच्याकडे जायला पाय उचलत नव्हता. फोन हातात घ्यायचा आणि ठेवायचा. त्याला वाटायचं, आपण गेलो तर तिला परत ते सगळं आठवेल. जसं काही ती एरवी विसरून बसली होती.

शेवटी मामी एके दिवशी पिशवीच भरून घेऊन आली. काळ्या दोऱ्याची रिळं, औषधं, दोन बल्ब. म्हणाली, "तुमच्यात काय बिनसलंय ते मला नका सांगू. पण त्या बाईची औषधं संपली असतील." आणि पिशवी त्याच्या हातात कोंबली.

काकूच्या दारात मामा उभा राहिला तेव्हा ती आत खाटेवर बसली होती. खोली रिकामी वाटत होती, शर्टांचे ढीग नव्हते, काम बंद झालं होतं. डोळे दाराकडे होते, पण त्याच्यावर नव्हते. मामाने पाऊल आत टाकलं.

"होडी आली," काकू म्हणाली.

मामाला पुढे होता येईना.

"ये. बल्ब गेलाय."

"आणलाय," मामा म्हणाला.

"मला काय, असला काय नसला काय. पण शेजारीण येते, ती धडपडते."

मामाने स्टूल न घेताच बल्ब लावला, त्याला लागत नाही स्टूल. मग कुठे बसावं कळेना म्हणून जमिनीवर बसला. काकूने हात पुढे केला, चाचपत त्याच्या शर्टाची कड शोधली, बटणांवरून बोट फिरवत खाली आली आणि थांबली.

"तसंच ठेवलंस. दोरा दे."

सुईत दोरा मामाने ओवून दिला. तिने बटण लावायला घेतलं, बघत होती भिंतीकडे, पण टाका बरोबर भोकातून येत होता.

"माफ बिफ मला काही जमणार नाही लगेच," ती म्हणाली. "तू ओढून नेलंस, त्याने सही केली, आणि मी त्या दिवशी झोपून राहिले होते, ताप होता मला, नाहीतर मीच दाराला कडी घातली असती. सगळ्यांचंच काहीतरी आहे. ते ज्याचं त्याच्याजवळ राहू दे." दोरा दाताने तोडला. "पण त्या दिवशीचं मला कुणीच सांगितलं नाही कधी. तो रांगेत कसा उभा होता, काय बोलत होता, हसत होता का. ते तुझ्याकडे आहे आणि तू ते दडवून ठेवलंस इतकी वर्षं. सांग आता. पहिल्यापासून. आणि ऐकलेलं नको, लांब्या. बघितलेलं सांग."

मामाने सांगितलं. संध्याकाळची बस चुकली त्याची.

आता तो दर महिन्याला जातो. कुणासाठी जातोस असं मीही त्याला विचारलं, तर म्हणाला, "अजून कळलं नाही. पण जातो." काकूला आता काहीच दिसत नाही. ते नाव तिने वाचलं नाही, कधी वाचणार नाही, आणि गेल्या वर्षी वाचू शकली असती. मामा गाडी पुसताना आरसा जरा जास्तच वेळ पुसतो.

म्हणून म्हणते, तुमचंही कुणीतरी असेल. "बघू", "सीझन संपला की", "ऊन कमी झालं की" असं ज्याच्याकडे जायचं राहिलंय, ज्याच्यापुढे उभं राहायला तोंड नाही असं वाटतं. उत्तर तयार नसेल तरी चालेल, मामाकडेही नव्हतं. हातात काहीतरी घ्या, बल्ब घ्या नाहीतर काहीही घ्या, आणि या रविवारीच जाऊन भेटा. त्यांना अजून दिसतंय तोवर.